आत्याची मारुती ८००: आधी मोजायचं, मग बदलायचं

२ फेब्रुवारी २०२५, रविवार

गाडी नाशिकमध्येच पंचवटीतून सिडकोला माझ्या घरी आणली. मारुती ८००, १९९७ चं मॉडेल, कार्बोरेटरवाली (पेट्रोल आणि हवा मिसळणारा जुन्या पद्धतीचा भाग), ७९६ सीसी, तीन सिलिंडर. एमएच-१५ पासिंग, पहिल्या दिवसापासून आत्याच्याच नावावर. आरसीचं नूतनीकरण झालेलं आहे, पुढचं २०२७ मध्ये. पत्रा चांगला आहे. डिकीच्या कडेला आणि ड्रायव्हरच्या पायाखाली थोडा गंज, बाकी ठणठणीत.

आत्याला गाडी विकायची नाही, हे पहिल्यांदाच स्पष्ट झालं. "मला वणीच्या गडावर माझ्या गाडीने जायचंय, तुझ्या नाही." एवढं पुरे आहे.

तिच्या तक्रारी तिच्याच शब्दांत लिहून घेतल्या, कारण लक्षणं सांगताना गाडी रोज चालवणाऱ्या माणसाइतकं अचूक कोणी सांगत नाही. सेल्फ कधी पहिल्या किल्लीला घेतो, कधी नुसतं टक करतो. रात्री हेडलाइट मिणमिणतात. इंडिकेटर दिला की गरमीचा काटा नाचतो. उभी राहिली की इंजिन थरथरतं. द्वारका चौकाच्या सिग्नलला अडकलं की काटा लालच्या जवळ जातो, पण ओझरच्या रस्त्याला लागलं की खाली येतो. पेट्रोलचा वास येतो. ब्रेक दाबला की गाडी डावीकडे ओढते. चोक ओढायला दोन हात लागतात. आणि चार-पाच दिवस उभी ठेवली की बॅटरी बसते.

गेल्या वर्षभरात एका गॅरेजमध्ये नवी बॅटरी आणि नवा सेल्फ (इंजिन सुरू करणारी मोटर) बसवून झालाय. दोन्हीची बिलं आहेत, जुने पार्ट परत मिळालेले नाहीत, आणि तक्रार जिथल्या तिथे. स्कॅनर लावून कोड वाचायची सोय या गाडीत नाही. मल्टिमीटर, टेस्ट लॅम्प, कॉम्प्रेशन गेज, फीलर गेज (फट मोजायची पातळ पानं) आणि डोकं, एवढ्यावरच काम आहे. म्हणून या कामापुरता नियम असा: मोजमाप हातात आल्याशिवाय एकही पार्ट विकत घ्यायचा नाही.

९ फेब्रुवारी, रविवार

सेल्फपासून सुरुवात.

बॅटरी रात्रभर उभी होती, सकाळी १२.५ व्होल्ट. पूर्ण चार्ज बॅटरी १२.६ च्या आसपास दाखवते आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी. म्हणजे बॅटरीत दम आहे. पण उभ्या बॅटरीचं व्होल्टेज अर्धीच गोष्ट सांगतं. कॉइलची वायर काढून ठेवली, म्हणजे इंजिन सुरू होणार नाही, नुसतं फिरेल. आत्याला किल्लीवर बसवलं. सेल्फ फिरत असताना बॅटरीच्या दोन खांबांवर १०.९. हेही चांगलं, ९.६ च्या खाली गेलं असतं तर बॅटरीवर शंका घेतली असती.

मग खरी परीक्षा. मीटरचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (खांबावर, क्लॅम्पवर नाही), दुसरं इंजिन ब्लॉकच्या उघड्या धातूवर. "आत्या, मार किल्ली." १.३ व्होल्ट. या बाजूला ०.२ च्या वर जायला नको. पॉझिटिव्ह खांब ते सेल्फचा मोठा बोल्ट: ०.३, ठीक. निगेटिव्ह खांब ते बॉडी: जवळजवळ काही नाही.

म्हणजे बॅटरीकडून १०.९ निघतात आणि सेल्फच्या वाट्याला ९.३ येतात. बाकीचे बहुतेक निगेटिव्हच्या परतीच्या वाटेवर जळतात. बॅटरी निर्दोष, बहुधा जुना सेल्फही निर्दोष होता. दोष बॅटरी ते गिअरबॉक्सच्या अर्थ केबलमध्ये, म्हणजे निगेटिव्हच्या परतीच्या केबलमध्ये.

ही केबल कंटिन्युइटीवर (वायर अखंड आहे का, एवढंच पाहणारी चाचणी) तपासली तर मीटर खुशाल बीप देतो. मुद्दाम तपासून पाहिलं, दिला. चिमटलेला पाइपसुद्धा नळ बंद असताना पूर्ण प्रेशर दाखवतो. पाणी सोडलं की कळतं. त्यामुळे जाड करंटच्या वायरीची परीक्षा नेहमी करंट वाहत असतानाच घ्यायची. अंबडला विजेच्या पॅनेलच्या कामात आम्ही रोज हेच करतो. गाडीच्या गॅरेजमध्ये ते इतकं क्वचित का होतं, याचं मला मनापासून वाईट वाटतं. आत्याचे हजारो रुपये एका मापाने वाचले असते.

बॅटरीचा ट्रे काढला. गिअरबॉक्सच्या बोल्टपाशी केबलचं थिंबल (टोकाची धातूची कडी) वरून काळपट, पण साबूत दिसतं. रबरी आवरण दोन बोटं मागे कापलं तर आत तांबं हिरवं, दाबल्यावर भुगा होणारं. वीस-पंचवीस तारा शिल्लक असतील, त्या सगळ्या एका कडेला.

आणि चोकची केबल! फायरवॉलमधून येऊन कार्बोरेटरकडे जाते तिथे तिचं प्लास्टिकचं आवरण वितळून आतल्या स्प्रिंगला चिकटलंय. सेल्फच्या करंटला निगेटिव्हकडे जायला नीट वाट मिळाली नाही की तो मिळेल त्या धातूतून जातो: चोकची केबल, ॲक्सिलरेटरची केबल. शंभर अँपिअरच्या घरातल्या करंटचा थोडा वाटाही अशा बारीक तारेतून गेला की ती तापणारच. चोक कडक का झाला, याचं उत्तर अर्थ केबलमध्ये होतं. दोन तक्रारी एका ठिकाणी मिटल्या.

१६ फेब्रुवारी, रविवार

नवी अर्थ केबल: २५ स्क्वेअर एमएम, दोन्ही टोकांना तांब्याचे थिंबल, हायड्रॉलिक क्रिम्प. बोल्टखालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने धातू चमकेपर्यंत घासला, बोल्ट आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली. बॅटरीला हात लावताना निगेटिव्ह आधी काढायचं, बसवताना शेवटी. हे सगळ्यांना माहीत असतं, तरी लिहून ठेवते.

पुन्हा तीच परीक्षा: १.३ च्या जागी ०.०६. बॅटरीच्या खांबांवर मात्र आता १०.६, म्हणजे आधीपेक्षा कमी. हे बरोबर आहे. सेल्फ आता पोटभर करंट ओढतोय. आवाजच बदलला. चोकची केबलही नवी टाकली.

इंडिकेटरबरोबर काटा अजून नाचतोय. हिशेब करून पाहिलं होतं: शंभर अँपिअरला १.३ व्होल्ट म्हणजे त्या केबलचा रोध १३ मिलिओहम. इंडिकेटरच्या चारेक अँपिअरला त्यावर पडणार ०.०५ व्होल्ट. एवढ्याने काटा हलत नाही, तेव्हा कारण वेगळं असणार. मीटर कन्सोल बाहेर काढला. मागच्या काळ्या वायरीवर, बॅटरी निगेटिव्हच्या तुलनेत, प्रत्येक लुकलुकीला ०.८ व्होल्ट. डॅशखालचा अर्थचा स्क्रू गंजून सैल. घासून आवळला, शिवाय कन्सोलपासून एक स्वतंत्र वायर बॉडीवर दिली. काटा स्थिर.

हेडलाइट. इंजिन चालू, बॅटरीवर १४.०, बल्बच्या पिनांवर ११.६. त्यातले १.७ व्होल्ट स्विच आणि लांब बारीक वायरीत जातात, ०.७ अर्थमध्ये. हॅलोजन बल्बचा उजेड व्होल्टेजच्या प्रमाणात कमी होत नाही, त्याहून फार वेगाने पडतो: दहा टक्के व्होल्टेज गेलं की उजेड तिसेक टक्के जातो. इथे १७ टक्के गेलंय, म्हणजे उजेड जवळपास निम्मा. अशा वेळी दुकानदार १०० वॉटचे बल्ब पुढे करतात. तसं करू नये. त्याच थकलेल्या स्विचमधून आणखी करंट जातो आणि कनेक्टर वितळतो. बॅटरीपासून फ्यूजमार्फत २.५ स्क्वेअरची नवी वायर, हाय आणि लो बीमला एकेक रिले (थोड्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), जुना स्विच आता फक्त रिले उचलतो. बल्ब तेच, ६०/५५ वॉटचे. पिनांवर १३.५. संध्याकाळी पाथर्डी फाट्याच्या बाजूला अंधारात नेऊन पाहिली, आत्या शेजारी. "हिचा उजेड नवी असताना असाच होता," म्हणाली.

२३ फेब्रुवारी, रविवार

बॅटरी का बसते?

चार्जिंग आधी पाहिलं: रिकाम्या लोडवर १४.३, हेडलाइट आणि ब्लोअर लावून १३.७. डायनामो चांगला. (अल्टरनेटर म्हणायला हवं, पण द्वारकेपासून भद्रकालीपर्यंत सगळे डायनामोच म्हणतात.) मग किल्ली बंद, दारं बंद, निगेटिव्ह केबल आणि खांब यांच्यामध्ये मीटर अँपिअरवर. २८० मिलिअँपिअर. अशा साध्या गाडीत ५० च्या खालीच हवं. ३५ अँपिअर-अवरची बॅटरी २८० मिलिअँपिअरने रोज पावणेसात अँपिअर-अवर गमावते. पाच दिवसांत रिकामी. आत्याचे चार-पाच दिवस तंतोतंत जुळले.

फ्यूज एकेक करून काढले. सगळे काढून झाले तरी आकडा हलला नाही. म्हणजे करंट फ्यूज बॉक्समधून जातच नाही, कोणीतरी बॅटरीवरून थेट वायर ओढलीय. सापडली: म्युझिक सिस्टिमच्या जुन्या ॲम्प्लिफायरची, मागच्या सीटखाली, फ्यूजशिवाय, पत्र्याच्या कडेवरून. ॲम्प्लिफायर बंद पडून जमाना झाला असेल. बॅटरी बसण्याचं दुखणं बाजूलाच, पण बॅटरीवरून विनाफ्यूज वायर धारदार कडेवरून जाणं म्हणजे आगीला निमंत्रण आहे. पूर्ण काढून टाकली. आता १२ मिलिअँपिअर.

२ मार्च, रविवार

थरथर. मिस्त्रींच्या भाषेत मिसिंग.

इंजिन स्लोवर ठेवून इन्सुलेटेड पकडीने एकेका प्लगची वायर काढली. पहिल्या आणि दुसऱ्या सिलिंडरची काढली की इंजिन अडखळतं, तिसऱ्याची काढली तरी फारसा फरक नाही. म्हणजे तिसरा सिलिंडर आधीच काम करत नाहीये. कारणं तीनच असू शकतात: ठिणगी नाही, मिश्रण बरोबर नाही, किंवा दाब नाही.

ठिणगी आधी, कारण ती पाहायला सोपी. अंधार पडल्यावर बॉनेट उघडून डिस्ट्रिब्युटरच्या (ठिणगी प्रत्येक सिलिंडरला वाटणारा भाग) टोपीवर आणि वायरींवर पाण्याचा बारीक फवारा मारला. तिसऱ्या वायरीच्या मुळाशी निळसर ठिणग्या टोपीवरूनच खाली पळताना दिसल्या. टोपी उतरवून भिंगातून पाहिली: आतल्या बाजूने केसासारखी काळी रेघ, तिसऱ्या खांबापासून कडेपर्यंत. कार्बन ट्रॅक म्हणतात तो हाच. एकदा ठिणगीने ती वाट पाडली की घासून पुसून उपयोग नाही, टोपीच बदलायची.

रमजान सुरू झालाय, त्यामुळे चाचांचं दुकान दुपारपर्यंतच. द्वारकेजवळ गेली कित्येक वर्षं फक्त जुन्या गाड्या करणारे हे मिस्त्री. आम्ही सगळे त्यांना चाचाच म्हणतो. टोपी, रोटर आणि वायरींचा सेट त्यांच्याकडूनच घेतला. त्यांनी पैसे घेण्याआधी विचारलं, "दाब पाहिलास का बेटा? नवीन टोपी टाकशील, थोडं बरं वाटेल, आणि व्हॉल्व्ह आतून जळत राहील." हे ऐकून घेण्यासारखं होतं.

९ मार्च, रविवार

टोपी-वायरी बदलून थरथर बरीच कमी, पण पूर्ण गेली नाही. चाचांचं म्हणणं खरं ठरलं.

कॉम्प्रेशन टेस्ट, म्हणजे सिलिंडरमधला दाब मोजणं. इंजिन गरम, तिन्ही प्लग बाहेर, कॉइल अलग, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. हा शेवटचा मुद्दा लोक विसरतात. थ्रॉटल बंद असेल तर हवाच आत जात नाही आणि चांगलं इंजिन मेलेलं दिसतं. आकडे: ११.६, ११.३ आणि तिसऱ्यात ८.४ किलो प्रति चौरस सेंटिमीटर. एकाचा आकडा इतका खाली असणं ही स्पष्ट खूण आहे.

आता दाब जातो कुठून? तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजलं. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट भरून आकडा झटकन वर आला असता. आला ८.७. म्हणजे दोष रिंगांचा नाही, व्हॉल्व्हचा. हेड गॅस्केट दोन सिलिंडरांच्या मध्ये फुटली असती तर शेजारच्या दुसऱ्याचाही दाब पडला असता, तो व्यवस्थित आहे.

इंजिन पूर्ण थंड होऊ दिलं आणि संध्याकाळी टॅपेट कव्हर (व्हॉल्व्ह आणि ते उघडणारे टॅपेट यांवरचं झाकण) उघडलं. तिसऱ्याच्या एक्झॉस्ट व्हॉल्व्हवर फीलर गेजचं सर्वांत पातळ पानही शिरेना. व्हॉल्व्ह आणि सीट झिजत गेले की व्हॉल्व्ह वर सरकतो आणि टॅपेटची फट कमी होत जाते. ती शून्यावर आली की व्हॉल्व्ह पूर्ण बंद होत नाही. आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्हची उष्णता बंद असतानाच सीटमधून हेडमध्ये उतरते, त्यामुळे न टेकणारा व्हॉल्व्ह जळतो. गंमत अशी की सैल टॅपेट खडखड करून तक्रार करतो, घट्ट टॅपेट एकदम शांत असतो. शांत इंजिन ऐकून सगळे खूश होतात. म्हणून जुन्या गाडीचे टॅपेट ठरावीक अंतराने मोजायलाच हवेत, आवाज नसला तरी.

सहाही व्हॉल्व्ह मॅन्युअलच्या मापाला लावले. पुन्हा दाब: तिसऱ्यात १०.७. व्हॉल्व्ह वाचला. हेड उतरवायची गरज नाही. गॅरेजमध्ये अशा इंजिनाला थेट हाफ इंजिनचं, म्हणजे इंजिन उघडून करायचं मोठं काम सांगितलं गेलं असतं.

१९ मार्च, बुधवार

रंगपंचमी. जुन्या नाशकात रहाडी (रंगपंचमीचे रंगाच्या पाण्याचे जुने हौद) उघडल्यात, तिकडे जाऊन पार्ट मिळायची आशा नाही. आज काम नाही.

२३ मार्च, रविवार

पेट्रोलचा वास आणि कार्बोरेटर.

मेकॅनिकल पंपाच्या तोंडाशी रबरी पाइप ओलसर. वाकवला तर बाहेरून तडे आणि आतून फुगून मऊ. पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल येतं आणि १९९७ चं रबर त्यासाठी बनलेलंच नाही; इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, पाणी ओढून घेतं आणि उभ्या गाडीत टाकीच्या तळाशी गंजाची सोय करतं. टाकीपासून कार्बोरेटरपर्यंतचे सगळे रबरी पाइप, परतीच्या लाइनसकट, इथेनॉल चालणाऱ्या दर्जाचे टाकले. पंपाचा पडदाही. स्क्रूवाले क्लिप नवे. हे काम गाडी बाहेर उघड्यावर, बॅटरी अलग करून, अग्निशामक सिलिंडर हाताशी ठेवून केलं. इंजिन कंपार्टमेंटमध्ये पेट्रोल ठिबकणारी गाडी दुरुस्त होईपर्यंत चालवायची नाही, इतकं साधं आहे. आत्याला पहिल्या दिवशीच किल्ली काढून घेतल्याचा राग होता, आज पाइप हातात दिल्यावर गेला.

कार्बोरेटर उघडून धुतला. फ्लोट चेंबरच्या तळाशी पिवळसर चिखल, आयडल जेट (गाडी उभी असताना पेट्रोल देणारं बारीक भोक) अर्धवट बुजलेलं. जेट तारेने कोरायचं नाही, हवेनेच साफ करायचं. भोक तसूभर मोठं झालं तरी मिश्रण कायमचं बिघडतं. इनटेक मॅनिफोल्डखालचा व्हॅक्युम पाइप पकडीने दाबला की आयडल सुधारायचा, म्हणजे तिथून हवा चोरून शिरत होती. तोही बदलला.

मिश्रणाचं गणित बदललंय हे लक्षात ठेवायला हवं. शुद्ध पेट्रोलला एका भागामागे हवेचे १४.७ भाग लागतात, २० टक्के इथेनॉलवाल्याला साधारण साडेतेरा. इंजेक्शनच्या गाड्यांत ऑक्सिजन सेन्सर हा फरक भरून काढतो, कार्बोरेटरला ते कळत नाही. तो जुन्याच मापाने देतो आणि इंजिन थोडं लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त) चालतं. आयडल मिश्रणाचा स्क्रू थोडा मोकळा केला, इंजिन सर्वांत गुळगुळीत चालेल तिथे थांबले. मेन जेटला आत्ता हात लावत नाही, प्लगचा रंग पाहून ठरवेन.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. गाडीला हार घातला, आत्याने नारळ वाढवला. चाचांना उद्याच्या ईदच्या शुभेच्छा फोनवरून.

६ एप्रिल, रविवार

गरम होणं. दुपारचं ऊन आता खरंच चटका देतंय, त्यामुळे परीक्षेला योग्य वेळ.

आत्याचं वर्णन इथे निम्मं काम करून गेलं: सिग्नलला तापते, रस्त्याला लागली की निवते. याचा अर्थ गाडी धावत असताना हवा रेडिएटरमधून जाते तेव्हा ठीक, उभी असताना पंख्याने ओढायची हवा येत नाही. उलट असतं, म्हणजे घाटात आणि वेगात तापली असती, तर रेडिएटर चोंदलाय किंवा वॉटर पंप थकलाय असं धरलं असतं. थंड इंजिनला रेडिएटरचं झाकण उघडं ठेवून सुरू केलं, सतत बुडबुडे नाहीत. ऑइलच्या झाकणाखाली दुधाळ थर नाही. हेड गॅस्केट ठीक.

पंखा. थर्मोस्विचचा (पाणी तापलं की पंखा लावणारा स्विच) कनेक्टर काढून दोन टोकं वायरीने जोडली, पंखा तत्काळ फिरला. मोटर, रिले, फ्यूज सगळं चांगलं, स्विच मेलेला. नवा बसवला.

थर्मोस्टॅटचं (इंजिन तापेपर्यंत पाणी रेडिएटरकडे जाऊ न देणारी झडप) घर उघडलं तर आत थर्मोस्टॅटच नाही! कधीतरी कोणीतरी "गरम होते ना, काढून टाकू" म्हणून काढलाय. आपल्याकडे हा उपाय फार चालतो आणि तो चुकीचा आहे. थर्मोस्टॅट नसला की हायवेला इंजिन कधीच नीट तापत नाही, पेट्रोल जास्त जातं, ऑइलमध्ये ओल राहते, सिलिंडर लवकर झिजतात. नवा आणला, ८२ अंशांचा. बसवण्याआधी पातेल्यात पाणी, दोऱ्याने टांगलेला थर्मोस्टॅट, थर्मामीटर: ८२ च्या आसपास हलायला लागला, ९५ च्या आत पूर्ण उघडला. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच, इथे पाणी ९८ अंशांलाच उकळतं, त्यामुळे पूर्ण उघडणं त्याच्या आधी दिसायला हवं. दिसलं.

याच आकड्यामुळे रेडिएटरच्या झाकणाला महत्त्व आहे. ०.९ बारचं झाकण नीट धरत असेल तर आतलं पाणी इथे ११७-११८ अंशांपर्यंत उकळत नाही. जुन्या झाकणाचं रबर दगड झालेलं. शंभर-दोनशे रुपयांची वस्तू, आणि ती नसेल तर बाकी सगळी दुरुस्ती वाया. बोअरचं पाणी काढून टाकलं, आतून क्षार निघेपर्यंत धुतलं, डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट भरलं, हीटर उघडा ठेवून हवा काढली.

दुपारी द्वारकेच्या गर्दीत मुद्दाम उभी केली. काटा मध्यावर आला, पंखा लागला, काटा किंचित उतरला, पंखा बंद झाला. हे चक्र पाहायला मी आनंदाने ट्रॅफिकमध्ये थांबले.

२० एप्रिल, रविवार

ब्रेक. डावीकडे ओढते म्हणजे दोष बहुतेक वेळा उजवीकडे, कारण उजवं चाक धरत नाही. पुढच्या उजव्या कॅलिपरच्या (ब्रेकचे पॅड दाबणारा भाग) सरकत्या पिना गंजून जाम, पॅड एका बाजूने झिजलेला. पिना साफ करून ब्रेकचं खास ग्रीस, दोन्ही बाजूंचे पॅड जोडीने नवे, रबरी होज नवे, ब्रेक ऑइल पूर्ण बदललं. मागचे ड्रम उघडून पाहिले, व्हील सिलिंडर कोरडे, लायनर पुरेसे. ब्रेक सरळ.

उजवीकडे पूर्ण वळवून हळू चालवलं की डाव्या चाकातून टकटक. बाहेरचा सीव्ही जॉइंट (वळलेल्या चाकालाही फिरवणारा सांधा), रबरी बूट फाटून आत माती गेलेली. जॉइंट आणि बूट बदलला.

२७ एप्रिल, रविवार

काल पीयूसी केली. बीएस-२ (भारत स्टेज-२ प्रदूषण नियम) च्या आधीच्या पेट्रोल गाडीला कार्बन मोनॉक्साइडची मर्यादा ३ टक्के आणि हायड्रोकार्बनची १५०० पीपीएम. आपली १.४ टक्के आणि ३८० पीपीएम. पीयूसीवाल्याने आकडा पाहून बॉनेट उघडायला लावलं. मिश्रणात पेट्रोल थोडं वाढवूनही एवढी जागा शिल्लक आहे, हे मला सर्वांत समाधानाचं वाटलं.

प्लग काढून पाहिले: तिन्हींचा रंग सारखा, फिकट तपकिरी. पांढरट नाही, म्हणजे मेन जेट बदलायची गरज नाही.

११ मे, रविवार

गड. चैत्राच्या यात्रेत खासगी गाड्या पायथ्याच्या नांदुरीलाच थांबवतात, म्हणून मुद्दाम आता. पहाटे निघालो, दिंडोरी, वणी, नांदुरी. आत्याने जाताना पूर्ण रस्ता स्वतः चालवली. घाटात दुसऱ्या गिअरवर काटा मध्याच्या जरा वर, पंखा वळणावळणाला लागून बंद होत होता. वर पोचल्यावर रेडिएटरच्या जवळ हात नेला: पाणी नाही, वास नाही. इंजिन बंद करून लगेच पुन्हा किल्ली मारली, गरम इंजिनला सेल्फने पहिल्याच फेऱ्यात घेतलं. उतरताना दुसराच गिअर, ब्रेकवर भार कमी ठेवून.

१८ मे, रविवार

राहिलेलं: दुसरा गिअर टाकताना थंड असताना किरकिर होते, गिअर ऑइल बदलून पाहायचं. ड्रायव्हरच्या पायाखालचा गंज पावसाआधी घासून प्रायमर. वायपरचा स्पीड कमी, आधी त्याचाही अर्थ मोजायचा. दोन हजार किलोमीटरनंतर तिसऱ्याचा टॅपेट आणि दाब पुन्हा, फट परत कमी होत असेल तर सीटचं काम अटळ. रिले कुठे, कोणता फ्यूज कशाचा, नव्या अर्थ वायरी कुठे आवळल्यात, याचा नकाशा काढून लॅमिनेट केला आणि डॅशच्या खणात ठेवला. गाडी आज संध्याकाळी पंचवटीला पोचती करते.